दिवाळीला आम्ही अकोल्यात असायचो

माझी मुलगी अमेरिकेत शिकायला गेली ती तिकडेच नोकरीला चिकटली. तिचा फोन रविवारी येतो. त्या वर्षी मात्र नाताळच्या दिवशी आला. आमच्याकडे दिवेलागण, तिच्याकडे सकाळ. आज मधेच कसा, म्हटलं, तर म्हणाली, सुट्टी आहे, मित्राच्या घरच्यांसोबत चालले आहे, आधी चायनीज खायला आणि मग पिक्चरला. हा मित्र बरेच दिवस तिच्या बोलण्यात जरा जास्तच येत होता, म्हणून मी कान टवकारले.

"नाताळाला चायनीज? केक-बिक नाही करत का ते?"

"आई, ते ज्यू आहेत. नाताळ त्यांचा नाही."

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या गावात नाताळच्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुकानं बंद, हॉटेलं बंद. ज्यांचा सण आहे ते आपापल्या घरात झाड सजवून बसलेले. ज्यांचा नाही त्यांनी दिवसभर करायचं काय? तर चिनी माणसाचं हॉटेल उघडं असतं, कारण त्यालाही नाताळाशी घेणंदेणं नाही, आणि टॉकीज उघडी असते. मग हे लोक म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून अंगावरच्या लेकरापर्यंत सगळे निघतात, पोटभर चायनीज खातात आणि पिक्चर पाहतात. पणजोबांपासून हेच चालत आलं आहे. गावातले सगळे ज्यू त्याच हॉटेलात, म्हणून टेबल आधी सांगून ठेवावं लागतं. मित्राची आई दर वर्षी म्हणते की इथलं सूप पहिल्यासारखं राहिलं नाही, आणि दर वर्षी तेच सूप मागवते.

मला हसू आवरेना. आतल्या खोलीतून माझ्या बाबांनी विचारलं, काय झालं म्हणून.

"अगं," मी मुलीला म्हटलं, "हे तर आपलं अकोला."

आता हे अकोला काय ते सांगायला हवं. आम्ही अमरावतीचे, बौद्ध. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्याबरोबर त्यांनी देव्हारा काढला. माझे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, आणि या बाबतीत आजोबांच्याही एक पाऊल पुढे. आमच्यातली पुष्कळ घरं दिवाळी करतात. कोणी लेकरांसाठी करतं, कोणी बायकोसाठी, कोणी नुसतं सवयीने, आणि त्यात कोणाचं काही बिघडत नाही. आमच्या घरी मात्र नाही म्हणजे नाही. चौदा एप्रिलला दिवे, बुद्धपौर्णिमेला खीर, दिवाळीला काही नाही. हे "काही नाही" करणं किती कटकटीचं असतं ते ज्याने केलं नाही त्याला कळायचं नाही. गल्लीतल्या दर घरी कंदील, दारोदार रांगोळ्या, आणि मधे आमचं एक दार, त्याच्यासमोर आईने घातलेला रोजचा सडा.

त्यातून ताटाचा प्रश्न होता. आमच्या शेजारी वलगावला काळी जमीन असलेलं शेतकऱ्याचं घर. अमरावतीत मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड केलेलं, पण मागच्या अंगणात गाय होतीच. त्या घरच्या काकू लक्ष्मीपूजनाला फराळाचं ताट धाडायच्या, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत करायचं नसतं, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. मग परत करताना त्यात घालायचं काय? फराळ करावा तर दिवाळी केली असं होतं, न करावा तर रीत मोडते. कुठल्याही धम्मपरिषदेत या ताटावर ठराव झालेला नव्हता.

मी पहिलीत होते तेव्हा एकदा दिलं होतं आईने ताटात काहीतरी. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांनी तोडगाच काढला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी घराला कुलूप, आणि आम्ही तिघं एसटीने अकोल्याला. घरच बंद तर ताट येणार कुठून? बडनेरा, मूर्तिजापूर करत दुपारी अकोला. टॉकीजच्या बाजूला एका मुसलमान चाचांचं हॉटेल होतं. त्या दिवशी बाजारात तेवढंच उघडं. चाचांनी आम्हाला कधी विचारलं नाही की तुम्ही कोण, कुठले, सणावारी इकडे कसे. एकच विचारायचे, तिखट कमी की जास्त. बिर्याणी खायची, बाटलीतला सोडा प्यायचा आणि पिक्चरला जाऊन बसायचं.

टॉकीजमध्ये कोण असायचं? चाचांचे नातेवाईक, गावी जायला रजा न मिळालेले दोन-चार कंपाउंडर, एखादा ख्रिस्ती मास्तर, आणि बाकी आमचीच माणसं. एका वर्षी इंटरव्हलमध्ये बाबांच्या ऑफिसातले एक जण सहकुटुंब दिसले. दिवाळीत मला मेळघाटात धारणीला ड्युटी लागली आहे, असं ते ऑफिसभर सांगून आले होते. धारणीची ड्युटी अकोल्यात आइस्क्रीम खात उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. पुढच्या वर्षीपासून ते आमच्याच एसटीने यायला लागले.

आईला या दिवसाचं फार कौतुक. चार दिवस आधीपासून साडीला इस्त्री. आमच्या यांना पिक्चरचं भारी वेड, दिवाळीसुद्धा सोडत नाहीत, असं ती माहेरी सांगायची. हे वेड असलेला माणूस पडद्यावरची नावं संपायच्या आत घोरायला लागायचा. परतीच्या बसमध्ये मी आईच्या मांडीवर झोपायची, आणि झोपेत तिचा आवाज ऐकू यायचा. ती बाबांशी अमरावती येईपर्यंत काहीतरी बोलत असायची.

आई गेली आणि अकोला बंद झालं. माझे मिस्टर त्याआधीच गेले होते, म्हणून मी शाळेतून रिटायर झाल्यावर बाबांकडेच राहायला आले. आता लक्ष्मीपूजनाला बाबा आपल्या खोलीचं दार लोटून बसतात. काही विचारलं की म्हणतात, डोकं दुखून राह्यलं.

तर, त्या नाताळानंतर मुलीने कळवलं की त्या मित्राशीच लग्न करायचं ठरलं आहे. मुलगा चांगला, घर चांगलं. लग्न अमरावतीला, आपल्या पद्धतीने. आणि आमच्या घरी लग्नात त्रिशरण-पंचशील बाबांच्या मागे म्हणायचं असतं. माझ्या लग्नात तेच होते, त्यांच्या भाच्यांच्या, पुतण्यांच्याही. मुलगी बाबांना आबा म्हणते. लहानपणापासून म्हणायची, आबा सांगतील तेव्हाच मी लग्न लागलं असं मानीन.

बाबांनी एवढंच विचारलं, "ज्यू म्हंजे कोन?"

"ज्यांना युरोपात फार छळलं ते."

"म्हंजे आपल्यासारखे."

"तसंच काहीतरी."

"मंग हरकत नाई," बाबा म्हणाले, आणि मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसले. होणाऱ्या विहीणबाई लग्नाआधी घर पाहायला येणार होत्या, मुलीसोबत, आणि त्यांनी मुद्दाम दिवाळीचं तिकीट काढलं. त्यांची एकच इच्छा होती, सुनेच्या घरची दिवाळी पाहायची. मी मुलीला फोन लावला.

"सुनेच्या घरची कोणती दिवाळी गं?"

मग हळूच कळलं. तिकडे गेल्यावर पहिल्याच वर्षी इंडियन पोरापोरींनी दिवाळी केली, हिने साडी नेसून पणती हातात धरली आणि फोटो निघाला. तो फोटो त्या घरात गेला. "आई, इंडियन म्हटलं की सगळे दिवाळीचंच विचारतात. कोणाकोणाला समजावू? एकदा हो म्हटलं, मग दर वर्षी होच म्हणत गेले. त्यांना मिठाईचा डबापण देते मी." आणि मग लाडात येऊन, "एकच वर्ष कर ना. फोटोपुरती."

फोन ठेवल्यावर मला आमच्या अकलेचं नवल वाटलं. अख्ख्या पृथ्वीवर एक घर असं होतं की ज्याला आमचं अकोला एका वाक्यात समजलं असतं, आणि नेमकं त्याच घराला दाखवायला आम्ही उसनी दिवाळी आणणार होतो. मी तीस वर्षं भूगोल शिकवला, पण असा उलटा रस्ता कोणत्याच नकाशात पाहिला नव्हता. तरी मी तयारीला लागले. पोरीच्या लग्नाचा मामला, डोकं चालतं कुठे?

दिवाळी करायची कशी, हे मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंची नातसून कामी आली. काकू कधीच वारल्या, मागच्या अंगणात गायीच्या जागी आता गाडी उभी असते. नातसून बिचारी मोकळ्या मनाची. "काकू, साठ वर्षांत केली नाई, आता काहून?" एवढं विचारलं आणि मग कंदील कुठून आणायचा, पणत्या किती लागतात, सगळं सांगून दिलं. फराळ मी दुकानातून आणला. लक्ष्मीचा फोटो तेवढा आणवला नाही. त्या दुकानाच्या पायरीवरून परत फिरले. म्हटलं, दिवे लावू, अमेरिकेच्या बाईला काय कळतं.

कंदील व्हरांड्यात टांगायला स्टूल ठेवलं आणि बाबा बाहेर आले.

"हे काय?"

"पाहुण्यांसाठी आहे बाबा. एक दिवस."

बाबांनी कंदिलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तुमी करा तुमाले काय कराचं ते. मी त्या दिवशी अकोल्याले जातो. आन् खोट्या दिवाळीवर जमलेल्या लग्नात त्रिशरण म्हनाले मले बलावू नोका. दुसरा कोनी पाहा."

"बाबा, ऐका तर."

"आयकलं," म्हणाले आणि आत गेले.

बाबा पंचाऐंशीच्या घरात. गुडघ्याला पट्टा, हातात काठी. पण बोलले की बोलले. मुलगी विहीणबाईंना घेऊन आली त्या रात्री मी तिला हे सांगितलं, तर तिचे डोळे भरले. कंदील उतरवावा तर विहीणबाईंना काय सांगायचं, आणि ठेवावा तर आबा लग्नात नाहीत. आम्ही दोघी मायलेकींनी ठरवलं ते असं की काहीच ठरवायचं नाही. आमच्या घरात कठीण प्रसंगी असंच ठरतं.

विहीणबाई साठीच्या, उंच, पांढरे आखूड केस, पायात पोरांसारखे बूट. मी हात पुढे केला तर त्यांनी हात जोडून "शुभ दीपावली" म्हटलं. विमानात पाठ केलं होतं म्हणे. सोबत मेणबत्त्यांचा डबा आणला होता. स्वभावाने गोड, पण माझ्या लक्षात आलं की दिवाळीचं नाव निघालं की त्या जरा घाबऱ्या होतात. पूजा किती वेळ चालते, कुठे उभं राहायचं, काय म्हणावं लागतं, असं मुलीला हळूच विचारत होत्या. मी म्हटलं, दमल्या असतील प्रवासाने.

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. बाबा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून, कापडी पिशवी खांद्याला लावून व्हरांड्यात आले. चपला शोधू लागले. विहीणबाई चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी मुलीला विचारलं, सणाच्या दिवशी आजोबा कुठे निघाले? मुलगी म्हणाली, डॉक्टरकडे.

बाबांना इंग्रजी समजतं. बोलतातही, पण ऑफिसच्या अर्जातलं. काठी टेकवून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आय बेग टू स्टेट मॅडम, नो डॉक्टर. अकोला. पिक्चर. दिवाळी नॉट अवर्स."

आता भोगा, मी मनात म्हटलं. मुलगी खाली मान घालून बसली. विहीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मी सांगून टाकलं, की आम्ही बौद्ध आहोत, ही दिवाळी आमची नाही, कंदील तुमच्यासाठी आणला आहे आणि तो कसा लावतात हेही मला शेजारच्या मुलीने शिकवलं आहे.

त्यांनी कप खाली ठेवला. छातीवर हात ठेवून एक मोठा श्वास सोडला. "म्हणजे मला पूजेला उभं राहावं लागणार नाही?"

त्यांच्या धर्मात मूर्तीपुढे उभं राहणं बसत नाही. निघण्याआधी त्यांनी आपल्या धर्मगुरूंना विचारलं होतं की सुनेच्या घरच्यांचं मन मोडायचं नाही, काय करू? ते म्हणाले होते, उभी राहा, दिव्यांकडे बघ, आणि मनात बाजाराचा हिशेब करत राहा. म्हणजे दोन्हीकडच्या दोघी बाया, एक अमरावतीला आणि एक तिकडे सातासमुद्रापलीकडे, दोघीही मानत नसलेल्या देवीच्या तयारीला लागल्या होत्या, आणि त्यासाठी एकीने कंदील आणला आणि दुसरीने मेणबत्त्या. लक्ष्मीला हे कळलं असतं तर ती बाई दोन्ही घरांच्या वाटेला गेली नसती.

मग आम्ही तिघी हसलो. बाबा हसले नाहीत, पण खांद्याची पिशवी त्यांनी खुर्चीवर ठेवली. मी त्यांना नाताळच्या चायनीजचं सांगितलं.

"पिक्चर बी पायतात?" त्यांनी विचारलं.

"पाहतात."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

मी प्रश्न विहीणबाईंकडे वळवला. विहीणबाई सांगू लागल्या, मी बाबांना मराठीत सांगत गेले. त्यांच्या आजीच्या जुन्या देशात नाताळच्या दिवशी ज्यू लोक खिडक्यांचे पडदे ओढून घरात बसत. दारू पिऊन लोक दगड मारत. आजी अमेरिकेत आली, तिथे दगड मारणारं कोणी नव्हतं, तरी ती त्या दिवशी पडदे ओढून बसायची. मग आजोबांनी एका वर्षी तिला बळेच बाहेर काढलं आणि चायनीज हॉटेलात नेलं. तिथे कोणी विचारलं नाही, तुम्ही कोण. आजीने सूप प्यायलं, पिक्चर पाहिलं, आणि पुढच्या वर्षी स्वतःच म्हणाली, चला. "तुमच्याकडे कशावरून सुरू झालं?" त्यांनी विचारलं.

मी दीक्षेचं सांगायला तोंड उघडलं, तर बाबांनी हात वर केला. "तू नोको सांगू. तुले मालूम नाई. मी सांगतो, तू त्याईले इंग्रजीत सांग."

आणि ते सांगू लागले. मी एकेक वाक्य इंग्रजीत करत गेले.

"हे पहिलीत होती. शेजारून ताट आलं. हिच्या मायनं मुरमुऱ्याचा चिवडा केला. दिवाळीचा नाई, सादा. पन खोबऱ्याचे काप टाकले, शेंगदाने टाकले, लय जीव लावून केला. ताटात भरून देल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांगच्या बोळीतून चाललो होतो. त्याईच्या गायीच्या टोपल्यात तो चिवडा होता. पुरा. कोनी हात बी नव्हता लावला. गाय मात्र खुशीनं खाऊन राह्यली होती."

टोपल्यापर्यंत मी आले आणि माझं इंग्रजी थांबलं. पुढचं मुलीने सांगितलं.

"मी हिच्या मायले सांगतलं नाई. ती लय खुश होती. काकू म्हने, चिवडा मस्त झाला. आता दर वर्षी करून देईन म्हने. तिले दर वर्षी करू द्याचा का? म्हून म्हनलं, दिवाळीले अकोल्याले जाऊ, पिक्चर पाहू. तिले वाटलं मले शौक आहे. वाटू देल्लं."

मला रडू आलं आणि रागही आला. त्याच काकूंनी माझी वेणी घातली होती, मला ताप आला तेव्हा रात्रभर बसल्या होत्या. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ राग धरता आला असता. आणि मी जन्मभर लोकांना सांगत आले की आमचे वडील तत्त्वाचे, म्हणून आम्ही दिवाळीला घरी नसायचो.

विहीणबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, "पिक्चर किती वाजताचं आहे?"

तेवढ्यात फाटक वाजलं. शेजारची नातसून ताट घेऊन आली. वर क्रोशाचा रुमाल.

आम्ही सगळे त्या ताटाकडे असे पाहत राहिलो की ती दारातच थबकली. "काय झालं काकू? चुकलं का काही?"

"काही नाही, ये, बस," मी म्हटलं आणि ताट आत घेऊन गेले, दुकानातला फराळ त्यात घालायला. बाबा मागे मागे आले.

"दुकानचं नोको. चिवडा कर."

"बाबा, पिक्चरला उशीर होईल."

"होऊ दे."

मी चिवडा केला. आई करायची तसा, खोबऱ्याचे काप घालून. बाहेर नातसून विहीणबाईंना रांगोळीचे फोटो दाखवत होती, बाबा समोर खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी कढई तशीच बाहेर आणली, ताटात ओतायला. मुलीने ताट पुढे केलं. मी ओतायच्या आत नातसुनेने कढईत हात घातला, मूठभर चिवडा घेतला, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात केला आणि तोंडात टाकला. तिला यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. पहाटेपासून राबत होती, भूक लागली होती.

"मीठ कमी आहे काकू," ती म्हणाली आणि दुसरी मूठ घेतली.

बाबा तिच्या हाताकडे पाहत होते. "मीठ टाक," मला म्हणाले. "पोट्टी बरोबर सांगून राह्यली."

भाड्याची गाडी बोलावून आम्ही चौघं अकोल्याला निघालो. मूर्तिजापूरच्या अलीकडे लग्नाच्या तारखेची गोष्ट निघाली. मुलगी म्हणाली, पंचवीस डिसेंबर कसा वाटतो, त्याला सुट्टी असते, आणि तसंही त्या दिवशी त्या घरात कोणाला काही काम नसतं. विहीणबाई म्हणाल्या, चालेल, पण मग आमच्या चायनीजचं काय? मी त्यांना सांगितलं की काळजी करू नका, अमरावतीत मंचुरियनच्या स्टॉलशिवाय कोणाचं लग्न लागत नाही.

"आबा?" मुलीने पुढच्या सीटवर बसलेल्या बाबांना विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

"म्हनतो," बाबा म्हणाले. "पन त्याच्या मायले सांग, पोराले पंचशील पाठ कराले लाव. मले चुका चालत नाईत."

जुनी टॉकीज पडली, तिथे आता कपड्यांचं मोठं दुकान आहे. पिक्चर मॉलमध्ये. चाचांचं हॉटेल मात्र जागेवर. गल्ल्यावर त्यांचा नातू. त्याने विचारलं, तिखट कमी की जास्त. बाबांनी सवयीने जास्त सांगितलं आणि विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तरी त्यांनी बिर्याणी संपवली. सूप असतं तर बरं झालं असतं, एवढंच म्हणाल्या.

पिक्चर सुरू झालं. मी बाबांकडे पाहत होते, आता घोरतील, मग घोरतील. घोरले नाहीत. शेवटपर्यंत ताठ बसून पडद्याकडे पाहत होते. विहीणबाई मात्र इंटरव्हलच्या आधीच झोपल्या, प्रवासाचा शीण होता.

परत निघालो तेव्हा अंधार पडला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांत दारोदार पणत्या लागल्या होत्या. विहीणबाईंना दिवाळी पाहायची होती, ती त्यांनी गाडीच्या काचेतून पाहिली. सुंदर आहे, म्हणाल्या, आणि दुसऱ्याची असली की जास्तच सुंदर दिसते. मग बाबांना विचारलं, पिक्चर कसं होतं?

"बेकार," बाबा म्हणाले.

"बाबा, आज झोपला नाहीत," मी म्हटलं.

"कसा झोपू? पयले तुही माय राहे. मी झोपलो तं ती मले बसमधी स्टोरी सांगे, अमरावती येईपर्यंत. ती सांगे तवा लय चांगलं वाटे. आता सांगाले कोन आहे? म्हून जागा राह्यलो."

मुलीने ते विहीणबाईंना इंग्रजीत सांगितलं. मग विहीणबाई म्हणाल्या, मी तर सगळं पिक्चर झोपेत काढलं, मला कोण सांगेल?

मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा घसा खाकरून मागे वळले. "त्याईले सांग, एक पोट्टा राह्यते," ते म्हणाले, "गरिबाचा. आन् एक पोट्टी राह्यते." जरा थांबले. "तुह्या मायसारखं नाई जमत मले."

"सांगा बाबा," मी म्हटलं, आणि ते बडनेरा येईपर्यंत सांगत राहिले.